डबीवरचा तिसरा दिवा

आमच्या कारखान्याच्या भिंतीवर पूर्वी जिथं पाळीचं घड्याळ टांगलेलं असायचं, त्या खिळ्याला आता एक काळी प्लॅस्टिकची डबी लटकते. साबणाच्या वडीएवढी. तिला पाच भोकं आहेत आणि प्रत्येक भोकावर ज्वारीच्या दाण्याएवढा हिरवा दिवा. भोकात वायर खोचली आणि वायरीच्या पलीकडचा कॉम्प्युटर चालू असला, की तो दिवा लागतो. विकणाऱ्यानं तिला स्विच म्हटलं होतं. पण घरात कुणी ‘स्विचकडे बघा’ म्हटलं की नायना पंख्याच्या बटणाकडे बघायचे, म्हणून आम्ही तिला डबी म्हणायला लागलो.

कारखाना म्हणजे फार मोठं काही समजू नका. सोलापूरच्या पूर्व भागात ज्याच्या घरात चार माग आहेत तो कारखानदार, आणि ज्याच्या घरात एकच बंद माग उरलाय तोही कारखानदारच. पुढं पत्र्याखाली माग, मागं मधली खोली आणि चूल, वर एक खोली, एवढंच आमचं घर. नायना म्हणजे माझे वडील. आमची घरातली भाषा तेलुगू. आई होती तोवर भांडणंसुद्धा तेलुगूतच व्हायची. ती गेली आणि घरातलं तेलुगू हळूहळू आटलं. नायना मागावरच्या माणसांशी जी सोलापुरी मराठी बोलायचे तीच चुलीपर्यंत आली. आता तेलुगू उरलंय ते हाका मारण्यापुरतं. धाकटा भाऊ मला अक्का म्हणतो, आणि नायना मला अजून बिड्डा म्हणतात, म्हणजे लेकरू. चाळिशी उलटलेलं लेकरू.

धाकटा माझ्याहून बराच लहान. आई गेली तेव्हा तो कॉलेजात होता आणि मी सासर सोडून परत आले होते. ती कथा इथं सांगायची नाही. कुणी खोदून विचारलंच, तर तुमच्या गल्लीत पाणी कधी येतं असं विचारून मी विषय बदलते. सोलापुरात पाण्याचा विषय काढला की माणूस दुसरं सगळं विसरतो.

माग एकेक करून भंगारात गेले. नायना शेवटच्या मागाला मात्र हात लावू देईनात. चालवतही नव्हते, विकतही नव्हते. त्या मागाशेजारी बाज टाकून तिथंच पडून राहायचे. खटाखट आवाज बंद झाल्यापासून त्यांना झोप लागत नाही, असं म्हणायचे. आवाजामुळं झोप लागत नाही म्हणणारी माणसं मी पुष्कळ पाहिलीत, उलट्या तऱ्हेचा हा एकच.

घर चालायचं ते धाकट्याच्या डिझाइनवर आणि माझ्या बिलांवर. चादरीवरचा मोर, फुलं, देवळाचं शिखर हे सगळं मागावर चढायच्या आधी चौकोन-चौकोनाच्या कागदावर रंगवावं लागायचं. धाकटा ते कॉम्प्युटरवर काढायला शिकला होता. हात गोड होता त्याचा. मोराच्या मानेला असा काही बाक द्यायचा, की गिऱ्हाईक आधी मोराकडे बघायचं आणि मग आमच्याकडे. मी खाली बसून त्याच डिझाइनचे वेगवेगळे रंग करायची, बिलं बनवायची, गल्लीतल्या बाकी कारखानदारांचे जीएसटीचे कागद भरायची. तीन कॉम्प्युटर जमले होते. एक बंद पडलेल्या टायपिंग क्लासमधून आणलेला, एक मामाच्या ऑफिसनं टाकून दिलेला, आणि एक धाकट्यानं वेगवेगळ्या दुकानांतून सुटे भाग आणून स्वतः जोडलेला. तिन्हींचं आपसात पटत नव्हतं, पण ते आमच्या नातेवाइकांचंही पटत नाही.

एक दिवस मला दुसऱ्याच कुणाकडून कळलं, की पुण्याच्या एका कंपनीत धाकट्यासाठी त्याच्या मित्रानं शब्द टाकलाय. त्या दिवशी जेवताना मी भांडी जरा जोरात आपटली. नायनांनी दोनदा वर बघितलं.

दुसऱ्या दिवशी धाकटाच चिडून खाली आला. हातात पेनड्राइव्ह.

“अक्का, असं न्हाय चालायचं. डिझाइन वर, गिऱ्हाईक खाली, प्रिंटर मधल्या खोलीत. दिवसभर मी जिनाच चढायलोय.”

“मग काय करायचं म्हणतोस?”

“तिन्ही मशीन जोडायच्या एकमेकांना. लाइन टाकायची. मग बसल्या जागी सगळं हिकडचं तिकडं.”

“आणि मग पुण्याला जायचा न्हाईस?”

तो हसला. त्याला वाटलं नव्हतं मला ठाऊक असेल. “बघू की,” म्हणाला.

आता ‘बघू की’ म्हणजे काय, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही कळतं. ‘बघू की’ म्हणजे नाही, फक्त समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून घडी घालून दिलेलं नाही. मलाही ते कळत होतं. पण मी ठरवून टाकलं, की लाइन झाली तर हा राहील. एकदा ठरवलं की मी कुणाच्या बापाचं ऐकत नाही. इथं तर बाप माझ्याच बाजूचा निघाला. जेवणं झाल्यावर नायनांनी मला हळूच विचारलं, “ती लाइन टाकली की ऱ्हातोय न्हवं?” मी म्हटलं, “ऱ्हातोय.” त्यांनी मान हलवली आणि सकाळी सगळ्यांच्या आधी शिडी काढून ठेवली.

नवं काही आणायची ऐपत नव्हती, आणि असती तरी नायनांनी आणू दिलं नसतं. कांडीवर उरलेलं हातभर सूतही फेकायचं नाही, अशा घरात आम्ही वाढलो. धाकट्यानं एका शाळेच्या लॅबमधून काढून टाकलेली निळी वायर मिळवली. ती मैलोगणती गुंता होऊन पोत्यात आली होती. नायनांनी ते पोतं पुढ्यात ओतलं आणि दुपारभर बसून गुंता सोडवला. कुठं ओढलं नाही, कुठं कापलं नाही. मी आणि धाकटा बघतच राहिलो. आम्ही असतो तर कात्री घेतली असती.

भिंतींना नवी भोकं पाडायचाही खर्च केला नाही. पूर्वी एकाच मोटरीवर सगळे माग चालायचे, तेव्हा पट्ट्यासाठी भिंतीत पाडलेलं भोक होतंच. वायर त्यातून मधल्या खोलीत नेली. जिन्याच्या कडेनं वर नेताना तिला धरून ठेवायला क्लिपा लागतात म्हणे. आमच्याकडं क्लिपा नव्हत्या, सूत मात्र पोतंभर होतं. नायनांनी लाल-पिवळ्या सुतानं ती वायर जिन्याच्या कठड्याला अशी बांधली, की शेजारच्या बाईनं विचारलं, घरात काय लग्न आहे का.

खालच्या दोन मशीनना पोत्यातलेच तयार टोप्यांचे तुकडे पुरले. मग आलं वरच्या लांब वायरीच्या टोकांचं काम. त्या निळ्या वायरीच्या पोटात आठ बारीक तारा असतात, आठ रंगांच्या. त्या एका ओळीत सरळ लावायच्या, पारदर्शक प्लॅस्टिकच्या टोपीत सरकवायच्या आणि उसन्या आणलेल्या चिमट्यानं दाबायच्या. धाकटा दोन टोप्या खराब करून तिसऱ्या टोपीशी झटत होता. त्याच्या तारा एकमेकींवर चढायच्या. नायना बाजेवरून म्हणाले, “आण हिकडं.”

ताणा सांधणारा माणूस तो. नवा ताणा, म्हणजे चादरीचे उभे धागे, मागावर चढवताना जुन्याचं एकेक टोक नव्याच्या एकेक टोकाला गाठ मारून जोडावं लागतं, हजारांनी टोकं. त्याच्यापुढं आठ तारा म्हणजे काय! त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, तारा बोटांनी सपाट केल्या आणि एका दमात टोपीत बसवल्या. केशरी पट्ट्याची पांढरी पहिली, मग केशरी, असं धाकट्यानं जसं सांगितलं तसं. इतकी सुंदर टोपी मी दुकानातल्या तयार वायरीलाही बघितली नव्हती.

“दुसरं टोक मी वर जाऊन करतो,” धाकटा म्हणाला.

“बस तू. मीच करतो. नमुना हाय की म्होरं.”

दोन्ही टोकं नायनांनी केली. धाकट्यानं वर मशीन चालू केली, मी खाली डबीपुढं उभी. दिवा लागेना. बटण बंद केलं, चालू केलं. नाही. डबीतली जागा बदलली. नाही. धाकटा जिन्यावरून ओरडायचा, “लागला का?” मी ओरडायची, “न्हाय!” पुण्याची गाडी माझ्या डोळ्यांपुढून कुर्डुवाडीच्या दिशेनं निघालेली मला दिसत होती.

शेवटी धाकट्यानं कठड्यावरचं सूत सोडून वरचं टोक खाली आणलं आणि दोन्ही टोप्या शेजारी-शेजारी धरल्या. एकीकडं केशरी पट्ट्याची पहिली, तपकिरी शेवटची. दुसरीकडं तपकिरी पहिली, केशरी पट्ट्याची शेवटची. आठच्या आठ तारा बरोबर उलट्या क्रमात.

“नायना, हे उलटं का केलं?”

“उलटं कुटं हाय? सरळच हाय की,” नायना म्हणाले. “ह्या काठाला केशरी भायेर, तर त्या काठालाबी केशरी भायेरच येणार.”

मग आमच्या डोक्यात उजेड पडला. जन्मभर चादरी विणलेला माणूस. चादरीचे दोन्ही काठ समोरासमोर असतात. डावीकडं कडेपासून आत जे रंग येतात, तेच उजवीकडं कडेपासून आत यायला हवेत, नाहीतर व्यापारी माल परत पाठवतो. नायनांनी वायरीची दोन टोकं म्हणजे चादरीचे दोन काठ समजून विणली होती. धाकटा जमिनीवर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. मीही हसले. नायना हसले नाहीत. त्यांनी दोन्ही टोप्या पुन्हा पुन्हा बघितल्या, वायरीवरून एक बोट ह्या टोकापासून त्या टोकाकडं नेलं, आणि म्हणाले, “चादर न्हाय ही. एकच सूत हाय, हितनं तितं गेल्यालं.” मग स्वतःच्या हातानं ती टोपी कापली आणि नवी बसवली.

ह्या खेपेला दिवा लागला. नुसता लागला नाही, लुकलुकायला लागला. मी इतक्या जोरात ओरडले, की धाकटा जिन्यावरून दोन-दोन पायऱ्या उतरत आला. डबीवर तीन दिवे होते. पहिला माझा, दुसरा मधल्या खोलीतल्या मशीनचा आणि तिसरा धाकट्याचा. मी खालून बटण दाबलं आणि मधल्या खोलीत प्रिंटरनं मोराचं पान काढलं. त्या दिवशी मी शेंगदाण्याची पोळी केली. घरात दुसरा कुठला सण नव्हता.

त्यानंतरचे दिवस मला फार आठवतात. आठवतात म्हणजे हवेत, पुन्हा हवेत, असं सरळच सांगते. धाकटा वर, मी खाली, नायना बाजेवर, आणि तिघांच्या मधून ती सुतानं बांधलेली वायर. तो वरून डिझाइन पाठवायचा, मी खाली उघडायची, रंग बदलून परत पाठवायची. मध्येच डिझाइनच्या फाइलला नाव द्यायचा ‘अक्काचं नाक’. उघडावं तर खरंच एका पोपटाला माझं नाक लावलेलं. मी वर ओरडायची, “काय बे, काम न्हाय का तुला?” वरून फक्त हसू यायचं.

आणि नायनांना डबीचा नाद लागला. बाज त्यांनी अशी फिरवून घेतली, की पडल्या पडल्या डबी दिसावी. थोड्याच दिवसांत त्यांना दिव्यांची चाल कळायला लागली. मशीन नुसती चालू असली की दिवा स्थिर राहतो, मधूनच एखाद-दुसरी उघडझाप. माणूस काम करत असला की तो लुकलुकतो, आणि मोठं काम असलं की थरथरतो. आम्ही सगळ्या फाइली मधल्या मशीनवर ठेवायचो, त्यामुळं कुणीही काही केलं की त्याचा दिवा सांगायचा. नायना दिव्याकडं बघून खालून हाक मारायचे, “थांबलास का रे?” वरून धाकटा आश्चर्यानं, “च्या प्यायलोय, नायना!” पूर्वी मागाचा आवाज जरासा बदलला की ते झोपेतून उठायचे, कुठला धागा तुटला ते न बघता सांगायचे. त्यांना पुन्हा एक माग मिळाला होता. फक्त हा बिनआवाजाचा होता.

एकदा दुपारी तिसरा दिवा असा काही थरथरत होता, की नायना उठूनच बसले. “आज लई काम हाय बघ पोराला,” मला म्हणाले. “जेवायलाबी हाक मारू नको.” मी ताट झाकून वर गेले. पोरगा दोन मित्रांना घेऊन गोळीबाराचा खेळ खेळत होता. एक मित्र मधल्या खोलीतल्या मशीनवर, एक स्वतःचा लॅपटॉप घेऊन वर, आणि आमच्या लाइनीवरून धडाधड माणसं मरत होती. मी खाली येऊन सांगितलं, “हो, फार काम आहे.” नायनांच्या तोंडावर जे समाधान होतं ते मोडायची माझी छाती झाली नाही.

पण काम खरंच कमी होत चाललं होतं. गिऱ्हाइकं मोबाइलवर फुकटात आलेली डिझाइनं घेऊन यायची आणि फक्त रंग बदलून मागायची. मोराच्या मानेचा बाक कुणाला नको होता. धाकट्याचा दिवा दुपारनंतर स्थिर राहायला लागला. नायना तो बघायचे. मीही बघायची. तिघांनाही ठाऊक होतं आणि आम्ही तिघंही पाण्याबद्दल बोलायचो.

एका सकाळी त्यानं बॅग भरली. भांडण नाही, काही नाही. भांडण झालं असतं तर मला बरं वाटलं असतं. भांडणात मी चांगली आहे. त्यानं नायनांच्या पायाला हात लावला, मला म्हणाला, “अक्का, लाइन चांगली झालीय. तुझं काम अडणार न्हाय.” जणू लाइन माझ्या कामासाठी टाकली होती. कुर्डुवाडीला गाडी थांबली तेव्हा त्याचा फोन आला, वडा खातोय म्हणाला. जेऊरच्या पुढं रेंज गेली.

दुसऱ्या दिवशी मी काम करत बसले होते. सहज मान वर केली, तर डबीवर तीन दिवे. मला वाटलं, धाकटा घाईत मशीन चालूच ठेवून गेला. वर जाऊन बंद केली. पुढच्या सकाळी पुन्हा तीन. आता मात्र मी वैतागले. आधीच विजेचं बिल, त्यात ही मशीन आपोआप चालू होते की काय! घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं. तिसऱ्या सकाळी मी चहा टाकताना ऐकलं, जिन्यावर कठडा धरून कुणीतरी चढतंय. नायना. एकेक पायरी, मध्ये थांबत. वर जाऊन त्यांनी बटण दाबलं. कॉम्प्युटरमधलं तेवढं एक बटण त्यांना ठाऊक होतं. खाली आले, डबीकडं बघितलं आणि बाजेवर बसले.

“नायना, कशाला लावता ती मशीन? कोण बसतंय तिच्यावर?”

“तीन असल्यावर बरं दिसतंय,” ते म्हणाले.

खरं सांगते, मलाही तीन असल्यावर बरंच दिसत होतं.

काही वर्षं हे असंच चाललं. मग त्यांचे गुडघे गेले. डॉक्टरांनी जिना बंद केला. तेव्हापासून ते काम माझ्याकडं आलं. सकाळी चहा झाला की नायना जिन्याकडं बघायचे आणि मी पदर खोचून वर जायची. कधी कामाच्या गडबडीत विसरले तर ते आठवण करत नसत. फक्त बाजेवर कूस बदलायचे, आणि त्या बाजेची करकर मला थेट डोक्यात ऐकू यायची. चरफडत जायची मी. धाकट्याच्या खोलीत धूळ, त्याची चप्पल, भिंतीवर त्यानं छापून लावलेला मोर. बटण दाबायचं, पडदा निळा व्हायची वाट बघायची, खाली यायचं. फोनवर धाकट्याला सांगितलं तर म्हणाला, “अक्का, ती मशीन आता भंगारला दे. तिच्यात काय उरलंय?” मी म्हटलं, “तुला काय करायचंय, तुझ्या बोकांडी बसलीय का?” आणि फोन ठेवला. नंतर बराच वेळ मला वाटत राहिलं, की हेच त्यानं पुन्हा विचारावं आणि मी खरं उत्तर द्यावं.

यंदाच्या संक्रांतीला, गड्ड्याच्या जत्रेला तो आला. पूर्वी दरवर्षी यायचा, मग वर्षाआड, मग फोनवरच जत्रा. ह्या खेपेला आला तो ऑफिसचं काम बरोबर घेऊन. सुटी नव्हती, घरून करतो म्हणाला. त्याला कुणी सांगावं, घर हे नाही का! आमच्या इथं वायफाय आहे, पण तो पत्र्याखालून वर पोचेपर्यंत दमतो. त्याचीही वायर डबीच्या पाचव्या भोकात आहे, त्या भोकावरचा दिवा तेवढा कधीच जळून गेलाय. धाकट्यानं थोडा वेळ कुरकुर केली. मग जुन्या मशीनच्या मागची निळी वायर उपसून स्वतःच्या लॅपटॉपला खोचली. ऑफिसचा जाडजूड लॅपटॉप, त्याला अजून त्या टोपीचं भोक होतं. नायनांनी बसवलेलीच टोपी ती.

मी खाली बिलं करत होते. मागं बाज करकरली. वळून बघते तर नायना उठून बसलेले, चष्मा लावलेला, नजर डबीवर. तिसरा दिवा लुकलुकत होता.

दिवसभर ते हलले नाहीत. मी भाकरी वाढली, ती त्यांनी डबीकडं तोंड करून खाल्ली. वरून धाकट्याचा आवाज यायचा, कुणाशी तरी इंग्रजीत बोलत असलेला. तो जेवायला खाली आला तेही कानात इयरफोनची बोंडं घालून, उभ्या-उभ्या, आणि पुन्हा वर गेला. मला दोघांचाही राग आला. इतक्या दिवसांनी पोरगा घरी आलाय, तो वर, आणि बाप खाली भिंतीशी डोळे लावून.

“नायना, त्याला खाली बोलावू का? बोला की जरा त्याच्याशी.”

“नको. काम करायलाय त्यो.” त्यांनी हनुवटीनं डबी दाखवली. “दिसायलंय की हितं.”

मग थोडा वेळ दिवा स्थिर झाला. नायनांनी गळा साफ केला आणि किती वर्षांनी वर हाक मारली, “थांबलास का रे?”

वरून काही उत्तर आलं नाही. कानात बोंडं होती. पण थोड्या वेळानं दिवा पुन्हा लुकलुकायला लागला, आणि नायनांनी मान हलवली, उत्तर मिळाल्यासारखी.

दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशी तो गेला. जाताना शेंगा चटणीचा डबा विसरला, तो मी रिक्षाच्या मागं पळत जाऊन दिला. कुर्डुवाडीहून फोन आला, गर्दी आहे म्हणाला. जेऊरच्या पुढं रेंज गेली.

सकाळी चहा झाला. नायनांनी जिन्याकडं बघितलं नाही, पण मला सवयच झालेली. वर गेले. लॅपटॉपच्या जागी धुळीत एक स्वच्छ चौकोन होता. त्यानं वायर तशीच टेबलावर टाकून दिली होती. ती उचलून मी जुन्या मशीनच्या मागं खोचली, बटण दाबलं, पडदा निळा होईपर्यंत थांबले आणि खाली आले. डबीवर तीन दिवे.

नायना बघत होते. बराच वेळ बघत राहिले.

“ऱ्हाऊ दे,” म्हणाले. “बंद कर त्यो.”

“का? रोज लावतो की आपण.”

“नुसता पेटलाय. चालत न्हाय.”

मी त्यांच्याकडं बघितलं नाही. त्यांनीही माझ्याकडं बघितलं नसणार. वर गेले, मशीन बंद केली. धाकट्याची चप्पल खाटेखाली सरकवली. उगीच मोराचा कागद सरळ केला. खाली आले तेव्हा डबीवर दोन दिवे होते. मी माझ्या खुर्चीत बसले. एका कारखानदाराचं बिल अर्धं राहिलं होतं, ते उघडलं. आकडे दिसत होते, पण हात काही चालेना. ‘बघू की’ म्हणाला होता तो. तेव्हाच कळलं होतं मला. तरी इतकी वर्षं मी बटण दाबत आले. डोळे पुसायला मला पदर सापडेना.

मागं बाज करकरली नाही. नुसता आवाज आला, हळू.

“थांबलीस का, बिड्डा?”

मी मान वर केली. डबीवरचा पहिला दिवा, माझा, स्थिर झाला होता.

“न्हाय, नायना,” मी म्हणाले, आणि बिलाला लागले.